अकरा मतांनी पडलेले वस्ताद

फेटा

दीक्षानं स्टुलावर चढून मोबाइल दोन्ही हातांत धरला आणि खालच्या दोन पैलवानांना सांगितलं, "घोंगडं अजून वर घ्या. फेट्यावर उजेड पडतोय."

दोघांनी घोंगडं खिडकीच्या वरच्या कडेपर्यंत नेलं. ते आखाड्यातून तसेच उठून आले होते. अंगावरची तांबडी माती वाळून गळत होती आणि एकाला शिंक आवरत नव्हती.

"आत्ता कसं आबा बरोबर दिसाय लागलं," बाकावर बसलेले केरबा मास्तर म्हणाले. "काढ पोरी. पर त्यास्नी हसवाय जाऊ नगंस. सत्तर वर्सं झाली, हसल्यालं न्हाईत."

भिंतीवरचं तैलचित्र वस्ताद सयाजींचं होतं. शिवाजी पेठेतली ही तालीम त्यांनी १९२५ साली सुरू केली. चित्रात केशरी फेटा, रुंद कपाळ, कानांपासून हनुवटीपर्यंत उतरलेले दाट कल्ले. बसायला सिंहाच्या तोंडांची खुर्ची. आणि डाव्या हातात एक जाड पुस्तक, त्यात तर्जनी घातलेली. वाचता वाचता कुणी हाक मारलीय आणि हा माणूस आता जाईल तर बरं, असं वस्तादांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

खाली बसलेल्या मास्तरांचे कल्लेही अगदी तसेच होते, फक्त पांढरे. वस्ताद वारले तेव्हा मास्तर पाळण्यात होते आणि वस्तादांचा फोटो कधी निघालाच नव्हता. मास्तरांना बाप ठाऊक होता तो या चित्रातला. चित्राचा लहानसा फोटो आरशाशेजारी लावून त्यांनी जन्मभर तशी दाढी केली. पेठेत म्हणत, पोरगं अगदी बापावर गेलंय.

जिन्यावरून टेप गुंडाळत विजयसिंह उतरला. तो तालमीचा सेक्रेटरी.

"बावीस बाय चौदा," तो म्हणाला. "दोन ट्रेडमिल आरामात बसत्यात, काका. वर सगळी मशिनं."

"आणि बत्तीस पोरं?"

"पोरं मोबाइलवर वाचत्यात आता. आपली तालीम हाय, काय हायस्कूल हाय?"

 मास्तरांनी नुसतं बोट वर केलं. चित्राकडे, चित्रातल्या पुस्तकाकडे.

"बघिटलं," विजयसिंह म्हणाला. "मी शेंबडा हुतो तवापास्नं तुमी ह्येच बोट दावतायसा."

"तुझ्या बापालाबी ह्येच दावलंतं. गप बसला."

"मी न्हाय बसायचा. रविवारी ठराव मांडणार."

वरच्या मजल्यावर तालमीची अभ्यासिका होती. तैलचित्र लागलं १९५६ साली आणि अभ्यासिका निघाली त्याच्या पुढच्या वर्षी. वस्तादांची शेवटची इच्छाच तशी होती. अंग कमावलं तसं पोरांनी डोकंही कमवावं, असं ते बायकोला बोलून गेले होते, हे सगळ्या पेठेला ठाऊक होतं. पुरावा भिंतीवर होता.

दीक्षा बारा वर्षांची असताना कसबा बावड्याहून सायकल मारत पहिल्यांदा इथं आली होती. वडील बाहेर फाटकाशी थांबले होते. आत आखाडा, लंगोट, घामाचा आणि मातीचा वास. ती परत फिरणारच होती, तेवढ्यात तिला हे चित्र दिसलं. तिच्या घरी भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर होती आणि त्यांच्याही हातात पुस्तक होतं. ती जिना चढून वर गेली. ती पुढं अकरा वर्षं त्या खोलीत बसली. आता ती जिल्हा न्यायालयात वकिली करत होती, आणि शताब्दीच्या स्मरणिकेतलं पान तीन, म्हणजे संस्थापकांचा परिचय, तिच्याकडं होतं.

तिनं फोटो काढला. खाली पैलवान शिंकला.

खुर्ची

"सिंह धुरकट आल्यात," आदर्श म्हणाला.

शाहूपुरीतल्या त्याच्या दुकानात फ्लेक्सचं मशीन घरघरत होतं. स्मरणिका तोच छापणार होता. आणि हे चित्र त्याच्याच आजोबांचं, पिराजी पेंटरांचं. पिराजी सिनेमाचे बोर्ड रंगवत. देव, नट, पुढारी, बैल, काहीही.

"असली खुर्ची कुठं मिळती का बघतो. तिचे सिंह उचलून हितं घालू," असं म्हणून त्यानं फोटोतली खुर्ची संगणकाला दाखवली. संगणकानं तशा खुर्च्या शोधून दिल्या. सोफे, सिंहासनं, लग्नातल्या खुर्च्या. सातव्या ओळीत एक काळंपांढरं कोरीव चित्र होतं.

आदर्शनं ते मोठं केलं.

सिंहांची खुर्ची. खुर्चीत कोट घातलेला एक गोरा माणूस. टक्कल. कल्ले. डाव्या हातात जाड पुस्तक, पुस्तकात तर्जनी. आणि तोंडावर तेच, आता जा बाबा, असं.

 मग आदर्शनं तैलचित्रातला केशरी फेटा माउसनं उचलला आणि त्या टकलावर नेऊन ठेवला.

फेटा बरोबर बसला.

आदर्श हसायला लागला. हसता हसता तो मशिनला टेकला, मशिननं एका नगरसेवकाचा अर्धाच वाढदिवस छापला, तरी त्याला थांबता येईना. दीक्षा चित्राखालची इंग्रजी ओळ पुन्हा पुन्हा वाचत होती.

"आदर्श, हसू नको," ती म्हणाली. "हे पुस्तक वस्तादांचं नाही."

तेव्हा तो थांबला.

टक्कल (आपल्या चित्रात दिसत नाही)

पान तीन. मसुदा पहिला. ते कोरीव चित्र अमेरिकेतल्या एका जिल्ह्याच्या जुन्या इतिहासग्रंथातलं निघालं. ग्रंथात चित्राशेजारीच परिचय होता. दीक्षा तिथंच मराठी करत, कागदावर उतरवत, मोठ्यानं वाचत गेली.

माननीय जोसाया विंटरबर्न यांचा जन्म १८११ साली ओंडक्यांच्या घरात झाला. वयाच्या तेविसाव्या वर्षापर्यंत त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. लग्नानंतर पत्नी हॅना हिनं त्यांना शिकवलं.

"बायकोनं?"

"ऐक तर."

पुढं ते वकील झाले. जिल्ह्याच्या कोर्टात त्यांनी एकोणतीस वर्षं काम केलं. बहुतेक खटले कुंपणांचे आणि डुकरांचे.

"डुकरांचे?"

"एकाची डुकरं दुसऱ्याच्या मक्यात शिरायची."

"मग आपल्यासारखंच की. आपल्याकडं म्हशी."

ते दोन वेळा इंडियाना राज्याच्या विधानसभेवर निवडून गेले.

"थांब," आदर्श म्हणाला. "विधानसभा म्हंजे, आमदार?"

"आमदार."

"दोन टर्म?"

"दोन."

"आयला! आणि आमी इतकी वर्सं नुसतं वस्ताद म्हणतोय त्यास्नी."

विधानसभेत त्यांनी एकच विधेयक मांडलं. ज्याचं डुक्कर त्यानं बांधून ठेवावं. ते मंजूर झालं. त्यामुळं तिसऱ्या निवडणुकीत ते अकरा मतांनी पडले. निकालाच्या दुसऱ्या दिवशी ते नेहमीच्या वेळेला पायी कोर्टात गेले. एकोणतीस वर्षांत त्यांनी आवाज एकदाच चढवला. कुणावर, ते ग्रंथात दिलेलं नाही. त्यांना मूलबाळ नव्हतं. चित्र काढून घेताना चित्रकारानं त्यांना पुस्तक बाजूला ठेवायला सांगितलं. ते म्हणाले, लवकर आटपा.

दीक्षानं वाचणं थांबवलं.

"हे पुस्तक तुझ्या आजोबांना मिळालं कुठं?"

"अमेरिकन मिशनची एक मडम देशाला परत जाताना सामान विकून गेलती. आजोबांनी तिची पुस्तकं आणली, चित्रांसाठी. इंग्रजी मजकूर त्यास्नी कुठं वाचाय येत हुता? त्यांची ट्रंक हाय पोटमाळ्यावर. सत्तर वर्सांची धूळ हाय तिच्यावर."

"बघशील?"

"बघतो. पर दीक्षा, बघून करायचं काय? मास्तरांना सांगणार हायस?"

तिनं मसुद्याची घडी घातली. मग उलगडली. मग पुन्हा घातली.

कल्ले

शनिवारी संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी, दुधाच्या कट्ट्यावर, मास्तर नेहमीच्या जागी उभे होते. गवळ्यानं म्हशीच्या आचळाखालून पितळी पेला काढून त्यांच्या हातात दिला. वर बोटभर फेस.

याच जागेवर त्यांची आई शालूबाई दोन म्हशी घेऊन बसायची. नवरा गेल्यावर तिनं या दोन म्हशींवर मुलाला वाढवलं आणि तालमीच्या दोन पिढ्यांना पोसलं. पैलवान तिला वचकून असत. कुणी उलट बोललंच तर ती म्हणे, माझंच दूध पिऊन माझ्यावरच गुरगुरतोस व्हय रे?

दीक्षानं मोबाइल पुढं केला. मास्तरांनी तो हात लांब करून धरला, जवळ आणला, पुन्हा लांब नेला. मिशीला लागलेला फेस त्यांनी पुसला नाही.

"टक्कल हाय की ह्येला."

"हो सर."

"आबांना न्हवतं. आई सांगायची, केस लई दाट हुतं."

म्हैस कान हलवत राहिली. गवळी दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळला.

"कोण म्हणायचा ह्यो?"

दीक्षानं सांगितलं. वकील. कुंपणं, डुकरं. दोन वेळा आमदार, तिसऱ्यांदा पडला.

"किती मतांनी?"

"अकरा."

"अकरा!" मास्तरांनी जिभेनं चुकचुक केलं. "अकरा म्हंजे एक घर, पोरी. एक घर रुसलं आसणार." मग त्यांचा हात आपसूक गालावर गेला आणि कल्ल्यांवर थांबला. "म्हंजे एवढी वर्सं मी ह्या आमदाराची दाढी करतोय व्हय?"

ते हसत होते. पण हातातला पेला उगाच गोल गोल फिरत होता आणि दूध प्यायचं राहून गेलं होतं.

"सर, हे आदर्श आणि मी सोडून कुणाला ठाऊक नाही," दीक्षा म्हणाली. "मी वस्तादांची खात्रीची माहिती तेवढी लिहिते. चित्राबद्दल एक शब्द लिहीत नाही. कुणाला कळायचं नाही."

"तू वकील हायस का न्हाय?"

"आहे."

"मग?"

"मग उद्या विजयसिंह म्हणणार, पुस्तक वस्तादांचं नव्हतंच. सर, वर बत्तीस जणं बसतात. त्यातल्या वीस जणांच्या घरी टेबल मांडायला जागा नाही. माझ्याही नव्हती."

मास्तरांनी दूध एका दमात संपवलं, पेला पालथा घातला आणि मिशी पुसली.

"स्मरणिका उद्या संध्याकाळी निघणार न्हवं? पान तीन कोरं ठेव. सभा झाली की बघू."

पान तीन, मसुदा दुसरा




बोट

रविवारी सकाळी तालमीच्या बैठकीच्या खोलीत सतरंज्यांवर नव्वद-शंभर माणसं दाटीवाटीनं बसली होती. जिन्याच्या पायऱ्यांवर अभ्यासिकेतली मुलंमुली होती. वस्तादांच्या चित्राला झेंडूचा एवढा मोठा हार होता की फेट्यापासून मिशीपर्यंतचेच वस्ताद शिल्लक होते. विजयसिंहानं ठराव वाचला. चांगला वाचला. पेठेतली पोरं पैसे भरून बाहेरच्या जिमला जातात, आपलीच तालीम ओस पडते, हे त्यात होतं आणि ते खोटं नव्हतं. मग तो मास्तरांकडं वळला.

"काका, बोट दावा आता."

लोक हसले. मास्तर उठले. सगळ्यांच्या नजरा सवयीनं आधीच चित्राकडं गेल्या होत्या. पण मास्तरांनी चित्राकडं पाठ केली.

"ह्यो माझा बाप न्हाय," ते म्हणाले.

 मग मागून कुणीतरी काळजीनं विचारलं, "मास्तर, सकाळी चहा घेतलासा न्हवं?"

"घेतला. दीक्षा, वाच."

दीक्षा उभी राहिली. तिनं आधी हकिकत सांगितली, मग जोसाया विंटरबर्न वाचून दाखवले. सुरुवातीला तिचा आवाज कोर्टातल्यासारखा होता. पण डुकरं आली आणि सतरंजीवर खसखस पिकली. विधेयक मंजूर झाल्यावर टाळ्या पडल्या. अकरा मतांवर तर सगळी बैठक एकदम हळहळली. त्या खोलीत असा एकही माणूस नव्हता, ज्याच्या घरातलं कुणी कधी कुठल्या निवडणुकीत पडलं नव्हतं.

"पार्टी कुठली हुती?"

"आरं, फेरमोजणी मागायची की!"

"मर्दा, अमेरिकेचा आमदार सत्तर वर्सं आपल्या तालमीत बसलाय, आणि चहा न्हाय पाजला कुणी!"

हशा ओसरायला वेळ लागला. विजयसिंहानं तो ओसरू दिला. मग तो मास्तरांच्या जवळ गेला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "काका, वाईट वाटून घेऊ नका. पर मग ठरावाला आता अडचण न्हाय न्हवं? पुस्तक आमदाराचं. म्हंजे वस्तादांची इच्छाबिच्छा…"

"न्हाय," मास्तर म्हणाले. "अडचण न्हाय. दुसऱ्याच्या पुस्तकावर मी खोली मागायचो न्हाय."

ते खाली बसले. पायऱ्यांवरच्या एका मुलीनं मांडीवरचं पुस्तक मिटलं. दीक्षा उभीच होती. हातातल्या कागदाची ती एवढी लहान घडी घालत होती, की पुढं घालायला कागद उरला नाही.

"हात वर करा," विजयसिंह म्हणाला. "ठरावाच्या बाजूनं…"

"थांबा! कुणी हात वर करू नका."

पुस्तक

आदर्श दारात उभा होता. केसांत जाळी, नाकावर काजळी, आणि शर्ट काढून त्यात गुंडाळलेलं काहीतरी तान्ह्या पोरासारखं छातीशी धरलेलं. तो माणसांच्या गुडघ्यांवरून, खांद्यांवरून वाट काढत आला आणि त्यानं ते दीक्षासमोर ठेवलं.

जाड, कातडी बांधणीचं पुस्तक. वाळवीनं कोपरा खाल्लेला. मध्ये एका पानाशी सुतळी. तिथं सिंहांच्या खुर्चीत, फेट्याविना, माननीय जोसाया विंटरबर्न बसलेले होते. त्यांच्या चारी बाजूंना पेन्सिलीनं लिहिलेलं होतं.

"आजोबांचं अक्षर हाय," आदर्श धापा टाकत म्हणाला. "चित्र करायच्या आधी ते असंच लिहून घ्यायचं, काय ठेवायचं, काय न्हाय. वाच. मोठ्यानं वाच."

दीक्षानं वाचलं.

टक्कल: फेट्याखाली जाईल.

कोट: नको. बाराबंदी.

कल्ले: असू देत.

खुर्ची: असू दे. रुबाब येतो.

चेहरा: वस्तादांचा फोटो नाही. हा बाईंना दाखवला. बाई पुष्कळ हसल्या. म्हणाल्या, मालकांपेक्षा बरा हाय, चालंल.

"बाई म्हंजे?" कुणीतरी विचारलं.

"शालूआजी," कुणीतरी सांगितलं. "गप. वाचू दे."

पुस्तक: नको. वस्तादांना वाचता येत नव्हतं.

दीक्षा थांबली. त्या ओळीतला 'नको' खोडलेला होता. तिनं पान खिडकीकडं तिरकं धरलं. खाली, पेन्सिल जास्त दाबून, आणखी लिहिलेलं होतं.

बाई म्हणतात, बाकी काय पायजे ते करा, पुस्तक ऱ्हाऊ द्या. पोरं विचारतील तवा काय सांगायचं ते माझं मी बघते.

 बाजूच्या आखाड्यातून कुणीतरी जोर मारत असल्याचा हुंकार तेवढा येत होता.

"तरीच!" भिंतीशी बसलेला एक म्हातारा पैलवान अचानक म्हणाला. "माझा बा म्हणायचा, चित्रात वस्ताद जरा जास्तीच उजळल्यात. पर शालूवैनी म्हणाल्या ह्येच, मग बोलणार कोण? सकाळी दूध कुणाकडं मागायचं?"

मास्तरांचे खांदे हलायला लागले. आधी आवाज आलाच नाही. मग तो असा आला, की पायऱ्यांवरची मुलं वाकून बघायला लागली. मास्तर गुडघ्यावर थापा मारत हसत होते आणि बाहीनं डोळे पुसत होते.

"दर परीक्षेला," ते म्हणाले, "दर परीक्षेला मला हितं आणून उभं करायची. म्हणायची, बघ, आबा तुझ्याकडं बघत्यात. नापास झालास तर त्यास्नी काय वाटंल? आणि तोंडावर ही एवढीसुदीक रेष हलायची न्हाय तिच्या!"

खिळा

विजयसिंहानं ठरावाचा कागद दुमडून खिशात घातला.  त्यानं दुसऱ्या खिशातून टेप काढला आणि तैलचित्राच्या शेजारची मोकळी भिंत मापली.

"तीन फूट हाय. बसतंय," तो म्हणाला. "आजीचा फोटो कुठं हाय, काका?"

"फोटो न्हाय."

"एकबी न्हाय?"

"म्हशीचा हाय. प्रदर्शनात पयली आलती तवाचा. त्यात म्हशीच्या पाठीवर आईचा हात आलाय."

"हात तर हात," आदर्श म्हणाला. त्यानं शर्ट झटकून अंगात घातला होता. "मी रंगवतो. आजोबांचा नातू हाय मी, नुसतं फ्लेक्सच छापत न्हाय. हात मिळाला. पर चेहरा कुणाचा घेऊ?"

मास्तरांनी बैठकीवरून नजर फिरवली. ती सेक्रेटरीवरून, म्हाताऱ्या पैलवानावरून, पायऱ्यांवरच्या मुलींवरून फिरली आणि दीक्षापाशी येऊन थांबली. दीक्षा अजून ते पुस्तक हातात धरून उभी होती.

"बस," ते म्हणाले.

"कोण? मी?" दीक्षानं मागं वळून पाहिलं, मागं भिंतच होती. "सर, असं कसं? मी बावड्याची. मी कुठली तुमच्यातली?"

मास्तरांनी हाराआडच्या आमदारांकडं बोट केलं.

"आणि ह्यो कुठला हुता?"

वरून कुणीतरी अभ्यासिकेतली प्लॅस्टिकची खुर्ची आणली. ती पायऱ्यांवरून हातोहात खाली आली. "सिंह मी घालतो," आदर्श म्हणाला. विजयसिंहानं खुर्ची चित्राशेजारी सरळ मांडली, सरळ आहे का ते एक डोळा मिटून पाहिलं आणि बसायच्या जागेवरून रुमाल फिरवला.

दीक्षा बसली. ते जाड पुस्तक तिनं डाव्या हातात घेतलं. हाताला वजन जाणवलं.

"बोट कुठल्या पानात घालू?"

"त्ये तुझं तू बघ," मास्तर म्हणाले.

तिनं पानं चाळली, एका जागी तर्जनी घातली आणि मान वर केली. आदर्शनं मोबाइल डोळ्यांसमोर धरला.

"हसू नको गं. वस्ताद हसल्यात का? जोडीनं लागणार हायत चित्रं."

"हसू दे तिला," मास्तर म्हणाले. त्यांचा हात कल्ल्यांवरून फिरत होता. "आई हसलीच हुती."

खिडकीपाशी दोघा पैलवानांनी, कुणी न सांगताच, घोंगडं वर धरलं.